कै. गणपत कृष्णाजी : अक्षरांमागील कष्ट

वर्षप्रतिपदेस रत्नागिरीत घरोघरी पंचांगाचे पूजन होते. छापील मराठी पंचांगाची परंपरा आमच्याच भंडारी ज्ञातीतील कै. गणपत कृष्णाजी यांच्यापासून सुरू होते, हे किती जणांस ठाऊक असते?

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात चाकरी करीत असता त्यांनी ही कला पाहून घेतली, आणि घरी लाकडी यंत्र बनवून शिळाछापाचे प्रयोग आरंभिले. शाईही नाना परींनी स्वतःच करून पाहिली. १८३१ साली त्यांचे पंचांग छापून निघाले. पुढे त्यांनी लोखंडी यंत्र आणिले, खिळेही घरच्या घरी ओतले. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीस शिवत नसत. त्यांच्यासाठी गणपतरावांनी तुपाची शाई सिद्ध केली. १८६० साली ते निवर्तले. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात त्यांची हकीकत नमूद केली.

आम्ही जन्मभर छापील पुस्तके शिकविली, परंतु त्यांतील खिळे कोणी ओतले हे मुलांस कधी सांगितले नाही, ही आमची चूक. ज्ञातिबांधवाच्या लहानशा कारखान्यातील वस्तूचा भाव करताना तिच्यामागील न दिसणारे श्रमही मोजावेत, एवढीच विनंती.