क्रिस्टी रिंग
क्रिस्टी रिंग (इ.स. १९२० – २ मार्च, इ.स. १९७९) हे आयर्लंडमधील हर्लिंग खेळाडू होते. हर्लिंग हा लाकडी काठी व लहान चेंडूने, प्रत्येकी १५ खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा मैदानी खेळ आहे.

रिंग यांचा जन्म कॉर्क परगण्यातील क्लॉइन गावाजवळ झाला. इ.स. १९३८ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या अखिल आयर्लंड स्पर्धेत कॉर्कने अंतिम सामन्यात डब्लिनला हरवले; या विजयी संघात रिंग होते. पुढे वरिष्ठ गटात कॉर्ककडून त्यांनी आठ अजिंक्यपदे मिळवली. त्यांपैकी चार इ.स. १९४१ ते १९४४ अशी सलग होती, तर तीन त्यांच्या नेतृत्वाखाली मिळाली.

इ.स. १९५६ च्या अंतिम सामन्यात नववे पदक त्यांच्या आवाक्यात होते. मात्र अखेरच्या मिनिटांत त्यांचा फटका वेक्सफर्डचा गोलरक्षक आर्ट फोली याने अडवला व कॉर्क पराभूत झाले. सामना संपताच वेक्सफर्डच्याच खेळाडूंनी रिंग यांना खांद्यांवर उचलून घेतले.

हा खेळ हौशी असल्याने रिंग यांनी उपजीविकेसाठी लॉरीचालकाची नोकरी केली. क्लॉइन येथे त्यांचा पुतळा आहे.