मतदारसंघाची रेषा कोण आखतो?

१९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात गेले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. नेमलेला नव्हे, समाजाने निवडलेला प्रतिनिधी हवा, म्हणून गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. १९३२ च्या पुणे कराराने ते गेले. संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा आल्या.

१९३७ मध्ये बाबासाहेब भायखळा-परळमधून मुंबई विधानसभेवर निवडून आले. तेथे मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत. वस्तीची एकजूट थेट मतपेटीत उतरली. १९५२ ला लोकसभेसाठी उत्तर मुंबईत मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकालाच देण्याची सोय नव्हती. बाबासाहेब पडले, काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले. पराभवाची कारणे अनेक. पण नियम बदलला की एकजुटीचे बळही बदलते, हा त्यातला धडा.

सीमारेषेचेही तसेच. एक वस्ती तीन विधानसभा मतदारसंघांत विभागली, की तिचे मत तिन्हीकडे दुबळे. फेररचनेच्या वेळी मतदारसंघ पुनर्रचना आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. अंतिम आदेशानंतर घटनेच्या कलम ३२९ मुळे कोर्टाचे दार जवळजवळ बंद होते.

बांधवांनो, बाबासाहेब समित्यांपुढे लेखी निवेदन घेऊन उभे राहिले. आपणही नकाशा मागवा, मुदतीत हरकत नोंदवा. निकालानंतरचा मोर्चा ती रेषा हलवत नाही.