लेखणीच्या शिपायाचे घर

हिंदीच्या पुस्तकातली ‘ईदगाह’ ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली आहे. खेळणी आणि मिठाई सोडून आजीचे हात भाजू नयेत म्हणून चिमटा विकत घेणारा हमीद प्रश्नपत्रिकेतही भेटतो. ती गोष्ट लिहिणारे मुन्शी प्रेमचंद मला भेटले ते लायब्ररीत. त्यांचे धाकटे चिरंजीव अमृतराय यांनी १९६२ मध्ये वडिलांचे चरित्र लिहिले. त्याचे नाव ‘कलम का सिपाही’, म्हणजे लेखणीचा शिपाई. नावात शिपाई दिसला म्हणून मी ते पुस्तक कपाटातून काढले.

प्रेमचंद यांचा जन्म ३१ जुलै १८८० रोजी वाराणसीजवळच्या लमही गावी झाला. खरे नाव धनपतराय. वडील पोस्टात कारकून होते. धनपत सात-आठ वर्षांचा असतानाच आई गेली. पुढे वडिलांची बदली गोरखपूरला झाली. तिथे या मुलाला वाचनाचे वेड लागले, पण पुस्तके घ्यायला पैसे नव्हते. त्याने एका पुस्तकविक्रेत्याशी सौदा केला. त्याच्या दुकानातली गाइडे शाळेत नेऊन मुलांना विकायची आणि त्या बदल्यात उर्दू कादंबऱ्या फुकट वाचायच्या. अशा शेकडो कादंबऱ्या त्याने वाचून काढल्या. तेराव्या वर्षी त्याने पहिले लेखन केले, तेही घरातल्याच माणसावर. एका मामाच्या फजितीवर त्याने नाटक लिहिले आणि ते मामांच्या उशाशी ठेवून दिले. मामा सामान घेऊन निघून गेले आणि नाटकही त्यांच्याबरोबर नाहीसे झाले.

पंधराव्या वर्षी, म्हणजे माझ्या वयाला, त्याचे लग्न लावून दिले गेले. ते टिकले नाही. १८९७ मध्ये वडील वारले आणि घर त्याच्यावर आले. गणित कच्चे, त्यामुळे कॉलेजचा रस्ता बंद झाला. शिकवण्या करून पोट भरेना. एकदा तर अगदी नाइलाज झाला, तेव्हा दोन रुपयांना घेतलेले गणिताचे पुस्तक त्याने एका रुपयाला विकले. त्याच दुकानात एका हेडमास्तरांशी ओळख झाली आणि १८ रुपये पगाराची मास्तरकी मिळाली. गणितात अडकणाऱ्या माझ्या मित्रांनी हे लक्षात ठेवावे, पण पुस्तक विकू नये. पुढे त्यांनी नोकरी सांभाळून, १९१९ मध्ये, बी.ए. पूर्ण केले.

सरकारी शिक्षण खात्यात असतानाच ते ‘नवाबराय’ या नावाने उर्दूत लिहीत. १९०८ साली त्यांचा ‘सोज़े-वतन’ हा देशप्रेमाच्या कथांचा संग्रह आला. इंग्रज कलेक्टरने त्यांना बोलावून घेतले. छापलेल्या हजार प्रतींपैकी सातशे शिल्लक होत्या, त्या सरकारने घेतल्या आणि जाळल्या. यापुढे काहीही लिहिले तर आधी दाखवायचे, असा हुकूम झाला. तेव्हा ‘ज़माना’ मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांनी नवे नाव सुचवले : प्रेमचंद. नाव बदलले, लिहिणे थांबले नाही.

मला सर्वांत जास्त भावले ते मात्र यापुढचे. १९०६ मध्ये प्रेमचंद यांनी शिवरानीदेवी या बालविधवेशी लग्न केले होते. त्या काळात हे मोठे धाडस होते. फेब्रुवारी १९२१ मध्ये गोरखपूरला गांधीजींची सभा झाली आणि सरकारी नोकरी सोडावी असे प्रेमचंद यांच्या मनाने घेतले. वीस वर्षांची नोकरी, स्वतःची तब्येत नाजूक, घरात दोन लहान मुले आणि तिसरे येणार होते. आपण गोष्टीत वाचतो तसे ते सभेतून उठून थेट राजीनामा द्यायला गेले नाहीत. घरी येऊन त्यांनी शिवरानीदेवींना विचारले. त्यांनीही लगेच हो म्हटले नाही. काही दिवस विचार केला, घर कसे चालेल याचा हिशेब मनात मांडला आणि मग सांगितले की सोडा नोकरी. राजीनामा गेला तो त्यानंतर. त्याच वर्षी अमृतराय यांचा जन्म झाला.

पुढची वर्षे सोपी नव्हती. १९२३ मध्ये बनारसला सरस्वती प्रेस काढला, तो तोट्यात गेला. १९३० मध्ये ‘हंस’ मासिक काढले, त्यातही पदरचे पैसे घालावे लागले. थंडीसाठी गरम कोट शिवून घ्या म्हणून शिवरानीदेवींनी पैसे दिले, तर ते यांनी प्रेसच्या कामगारांना देऊन टाकले. पुन्हा दिले, पुन्हा तेच झाले. विदेशी कापडाच्या दुकानांवर निदर्शने केल्याबद्दल शिवरानीदेवी स्वतः तुरुंगातही जाऊन आल्या. त्या कथाही लिहू लागल्या होत्या. कर्ज फिटावे म्हणून १९३४ मध्ये प्रेमचंद मुंबईला आले, दादरला राहिले आणि सिनेमासाठी लिहू लागले. तिथले काम मनाला पटेना, म्हणून वर्षभरातच परत गेले. १९३६ मध्ये ‘गोदान’ ही त्यांची सर्वांत मोठी मानली जाणारी कादंबरी आली आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला, वयाच्या ५६ व्या वर्षी, ते गेले.

शिवरानीदेवींनी १९४४ मध्ये ‘प्रेमचंद घर में’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले. कोटाची आणि राजीनाम्याआधीच्या त्या दिवसांची हकिगत आपल्याला कळते ती त्यांच्यामुळे. एरवी आपण एवढेच वाचले असते की प्रेमचंद यांनी नोकरी सोडली.

माझे बाबा फौजेत आहेत. बदलीचा हुकूम त्यांच्या नावाने येतो, पण गावाकडचे शेत, आजीची औषधे, बहिणीची शाळा हे सगळे आईच्या नावावर असते. ते कुठल्याही हुकुमात लिहिलेले नसते. मी इथे दाखल झालो तेव्हाही फॉर्म माझ्या नावाचा होता आणि मला सोडून घरी परत जायचे होते आईला. आपण सगळे कॅडेट्स पुढे गणवेश घालण्याचे स्वप्न पाहतो. ते आपण एकटे पाहत नाही, हे मला या पुस्तकांनी शिकवले. शिपाई लेखणीचा असो की बंदुकीचा, तो निघतो तेव्हा घरात कुणीतरी आधी हिशेब मांडून हो म्हटलेले असते.

म्हणून एक विनंती. दर रविवारी आपण घरी फोन करतो तेव्हा मार्क, मॅच आणि मेसचे जेवण सांगून झाले की एक प्रश्न त्यांनाही विचारावा : तुमचे कसे चालले आहे? आणि उत्तर पूर्ण ऐकावे. प्रेमचंद यांनी राजीनाम्याआधी तेच तर केले होते.