जोसेफ मँटन : दुनळी बंदुकीला रूप देणारा कारागीर



चरित्रपाठ म्हटलं की आपण मुलांना राजे, संत नाहीतर शास्त्रज्ञ सांगतो. कारागिराचं चरित्र क्वचितच सांगतो. आज अशाच एका कारागिराची ओळख करून घेऊया. जुन्या दुनळी बंदुकांचा संग्रह करणारे लोक आजही ज्याचं नाव आदराने घेतात, तो लंडनचा जोसेफ मँटन.

बालपण आणि शिक्षण

जोसेफचा जन्म 1766 साली इंग्लंडमधल्या ग्रँथम या गावी झाला. थोरला भाऊ जॉन लंडनमध्ये बंदुका बनवत असे. जोसेफही त्याच्याकडे काम करून तयार झाला आणि पुढे त्याने डेव्हिस स्ट्रीटवर स्वतःचं दुकान थाटलं. तिथे निशाणबाजीची जागाही होती. कवी लॉर्ड बायरन तिथे सरावाला येत असे.

त्याने नेमकं काय केलं?

त्या काळची बंदूक ठासणीची होती. तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे आणि चाप ओढायचा. मग चकमकीची ठिणगी रंजकावर पडून बार उडायचा. दोन नळ्या शेजारी शेजारी जोडल्या की दोन अडचणी येत.

पहिली अडचण नेमाची. दोन नळ्यांच्या मधून बघायचं तरी कसं? शिवाय छर्रे थोडे खालून जात. मँटनने नळ्यांच्या मधोमध उंच पट्टी बसवली. त्यामुळे नजर सरळ राहू लागली आणि नळीचं तोंड किंचित वर धरलं जाऊ लागलं. 1806 साली त्याने या पट्टीचं पेटंट घेतलं.

दुसरी अडचण जिवावरची होती. एक नळी उडवून ती पुन्हा भरताना दुसरीचा घोडा चढलेलाच राहिला, तर बार भरणाऱ्याच्या हातावर किंवा तोंडावर उडे. मँटनने वजनावर चालणारा अडसर काढला. बंदूक भरण्यासाठी उभी धरली की तो आपोआप घोडा अडवायचा. बघा, चांगला कारागीर वापरणाऱ्याच्या चुकीचाही आधीच विचार करतो!

मग उतरती कळा का लागली?

स्कॉटलंडचे एक धर्मगुरू होते, अलेक्झांडर फोरसिथ. ठोका बसताच पेटणारं रसायन वापरून चकमक बाद करण्याची युक्ती त्यांनी शोधली आणि 1807 साली पेटंट घेतलं. मँटननेही ठोक्यावर चालणाऱ्या बंदुका बनवल्या. फोरसिथ कोर्टात गेले आणि जिंकले. मँटनची रचना सुबक होती, पण मूळ कल्पनेवरचा हक्क दुसऱ्याचा होता. हात कितीही कुशल असला तरी दुसऱ्याच्या हक्काला ओलांडता येत नाही, हे इथे मुलांना जरूर सांगावं.

तोफगोळ्यांतल्या सुधारणेवरूनही त्याचं सरकारशी जमलं नाही. खर्च वाढत गेला आणि 1826 साली त्याचं दिवाळं निघालं. 1835 मध्ये तो वारला. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. तिच्यावरचा मजकूर त्याचे जुने गिऱ्हाईक आणि शिकारी लेखक कर्नल पीटर हॉकर यांनी लिहिला.

मागे काय उरलं?

पैसा उरला नाही, पण माणसं उरली. जेम्स पर्डी त्याच्याच कारखान्यात काम करून पुढे मोठा झाला. चार्ल्स लँकेस्टर त्याच्यासाठी नळ्या घडवत असे, त्यानेही नाव कमावलं. मँटन नसता तर आपण सगळे नुसते लोहारच राहिलो असतो, असं पर्डी मानत असे म्हणतात. गुरूला याहून मोठी पावती कोणती?

जुनी बंदूक सांभाळताना

मँटनच्या बंदुकीवर त्याचं नाव आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. नळ्यांचा तपकिरी रंग, लाकडावरची नक्षी, ठशांच्या खुणा यांवरून जाणकार तिची जात ओळखतात. म्हणूनच संग्राहक तिला घासून चकचकीत करत नाहीत. चकाकी येते, पण कारागिराचा हात पुसला जातो.

काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि गंज चढतो, म्हणून नळी आतून स्वच्छ आणि कोरडी करून तेलाचा पातळ हात देतात. हाताच्या घामानेही डाग पडतात, म्हणून हाताळल्यावर लोखंड पुसून ठेवतात. चामड्याच्या पेटीत ओल धरते, म्हणून अशी बंदूक तिच्यात कायमची ठेवत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ठासणीची जुनी बंदूक कित्येक वर्षांनीही आत भरलेली निघू शकते. जाणकार नळीत गज घालून आतली आणि बाहेरची लांबी ताडून पाहतात. तुमच्या घरी आजोबांची अशी बंदूक असेल, तर मुलांना हात लावू देऊ नका आणि स्वतःही प्रयोग करू नका. तिला परवाना लागतो का याची रीतसर चौकशी करा आणि ती जाणकारालाच दाखवा.

वर्गात सांगताना

बंदुकीपेक्षा माणसावर भर द्या. मुलांना दोनच प्रश्न विचारा. मँटन हरला की जिंकला? आणि तुमच्या गावात असा कोण कारागीर आहे, ज्याच्या हाताखाली शिकून बाकीचे मोठे झाले? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मुलं सुतारवाड्यात, लोहाराच्या भात्यापाशी गेली, की आपला पाठ पूर्ण झाला असं समजा.