बोरीबंदरसमोरचा वकील

नोकरीची शेवटची काही वर्षं मी रोज बोरीबंदरला उतरून बँकेत जात असे. महापालिकेच्या इमारतीपुढे, गाड्यांच्या गदारोळात, सर फिरोजशहा मेहता उभे आहेत. १९२३ पासून तिथंच. त्यांच्यासमोरून इतकी वर्षं गेलो, पण मान वर करून पाहिलं असेल चार-दोन वेळा. शाळेच्या पुस्तकातले मवाळ पुढारी आणि टिळकांचे विरोधक, एवढीच ओळख. १९११ मध्ये सोराबजी पोचखानवालांनी सेंट्रल बँक काढली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष हेच होते, हे बँकवाला असून मला उशिरा कळलं.

त्यांचा जन्म १८४५ चा. विलायतेला जाऊन १८६८ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि मुंबईला परतले. वकिलीत त्यांनी नाव आणि पैसा मिळवला तो मुख्यतः मुंबईबाहेरच्या कोर्टांत, गुजरात-काठियावाडात. पण बुद्धी खर्च केली ती मुंबईच्या नळ-गटारांच्या कायद्यावर, तीही फी न घेता.

सुरुवात मोठी मजेची आहे. १८७१ साली शहरातले करदाते आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरवर खवळले होते. क्रॉफर्ड कर्तबगार गृहस्थ. बाजार बांधला, शहर स्वच्छ करायला घेतलं, पण हात फार सैल. तिजोरी रिकामी झाली. लोकांची मागणी होती की कमिशनर नकोच, कारभार समितीकडे द्या. अशा वेळी धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी सभागृहात सव्वीस वर्षांचा हा बॅरिस्टर उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, की कमिशनर हवाच. काम एकाच्या हाती असलं तरच जाब कुणाला विचारायचा ते कळतं. दोष आहे तो खर्चावर नजर ठेवणाऱ्यांचा, कारण ते सरकारनं नेमलेले आहेत, लोकांनी निवडलेले नाहीत. सभेत गोंधळ उडाला. त्यांचं म्हणणं फारसं कुणाला रुचलं नाही.

मला ते लगेच पटलं, कारण बँकेत आम्ही याच तत्त्वावर जगलो. व्हाउचर मंजूर करणारा एक, रोकड मोजणारा दुसरा. एका तालुक्याच्या शाखेत नगरपालिकेचं खातं माझ्याकडे होतं. पालिकेचा माणूस घाईघाईनं कागद घेऊन येई, मी ठरावाची प्रत मागे, आणि त्याचा चेहरा पडे. एकदा तर तक्रार थेट माझ्या साहेबांपर्यंत गेली. साहेबांनी मला चहा पाजला आणि प्रत मागत राहायला सांगितलं.

१८७२ च्या कायद्यानं निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. खरी कसोटी पुढं लागली. नव्या कायद्याचा सरकारी मसुदा आला तेव्हा त्यात कमिशनरचं पारडं जड होतं. फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघेही कायदे कौन्सिलात होते. त्यांनी कलमामागून कलम झुंजवलं आणि शहराच्या कारभाराचा मूळ अधिकार महापालिकेचा, हे वाक्य कायद्यात आणवलं. काम कमिशनरनं करायचं, पण पैशाची मंजुरी सभागृहाकडून आणि स्थायी समितीकडून घ्यायची. हाच तो १८८८ चा कायदा. बहात्तर सभासद, त्यांतले छत्तीस वॉर्डांतून, सोळा जे.पीं.नी निवडलेले, सोळा सरकारनियुक्त, उरलेले चार विद्यापीठाचे आणि व्यापारी चेंबरचे. मत मात्र कर भरणाऱ्यालाच. चाळीत दाटीवाटीनं राहणारा गिरणी कामगार या हिशेबात नव्हता, हेही सांगायला हवं.

फिरोजशहांचा सभागृहात असा दरारा होता, की अधिकाऱ्यांना तो सोसेना. १९०७ मध्ये अकाउंटंट जनरल हॅरिसनसाहेबांच्या पुढाकारानं काही गोऱ्या मंडळींनी त्यांना पाडायचा घाट घातला. जे.पीं.च्या सोळा जागा, आणि मतमोजणीत फिरोजशहा सतरावे! ज्यानं घर बांधलं त्यालाच दाराबाहेर उभं केलं. पण कायद्यात निवडणुकीविरुद्ध लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे दाद मागायची सोय होती. निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड रद्द ठरली आणि ती जागा फिरोजशहांना मिळाली. त्याच वर्षी सुरतेला काँग्रेस फुटली. तिथला त्यांचा हटवादीपणा मला अजूनही खटकतो. लोकांच्या निवडीसाठी आयुष्यभर भांडलेल्या माणसाला टिळकांमागचे लोक का दिसले नसावेत?

१९१५ च्या ५ नोव्हेंबरला ते गेले. कायदा असंख्य दुरुस्त्या पचवून टिकला. मार्च २०२२ मध्ये पालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या, आणि पुढं काही वर्षं आयुक्तच प्रशासक होते. मंजुरीही त्यांचीच, खर्चही त्यांचाच. त्या दिवसांत पेन्शनच्या कामासाठी एकदा बोरीबंदरला उतरलो होतो. रस्ता ओलांडताना पुतळ्यापाशी थांबलो आणि या खेपेला नीट मान वर करून पाहिलं. मागून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.