राजधानीच्या भिंतीवरील मराठी कुंचला : रावबहादूर धुरंधर

दिल्लीकर महाराष्ट्रीयांस पानिपत आठवते, महादजी शिंदे आठवतात. परंतु मराठी माणसाने शस्त्रावाचून या नगरीवर उमटविलेली एक मुद्रा सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. रायसीनाच्या टेकडीवरील सचिवालयात, तेव्हाच्या विधिसदस्याच्या दालनातील भित्तिचित्रे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या कुंचल्यातून उतरली.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरास झाला. ८ जानेवारी १८९० रोजी ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. तेथील प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून शिष्यांकरवी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या होत्या. त्यामुळे भिंतीवरील चित्रकलेचा संस्कार त्या वास्तूत मुरलेलाच होता. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक धुरंधरांनी मिळविले आणि पुढे त्याच शाळेत अध्यापन पत्करले.

१९२० च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी तेथे भित्तिचित्रणाचा वर्ग काढला. नव्या राजधानीच्या सजावटीचे काम निघाले, तेव्हा मुंबई आणि बंगाल या दोन पंथांत चुरस लागली. मुंबईची वास्तवदर्शी शैली परकीय आहे, हा आक्षेप धुरंधरांसारख्यांच्या जिव्हारी लागणारा होता. वस्तुतः त्यांच्या चित्रांतील लुगड्याची चुणी, नथ, पागोटे आणि देवघर यांहून अधिक स्वदेशी ते काय असावे!

भित्तिचित्राचा धर्म चौकटीतील चित्राहून निराळा. ते भिंतीचा, कमानीचा आकार मानते. खालून व दुरून पाहणाऱ्याच्या दृष्टीचा विचार करते. आणि वास्तूपुढे मिरवत नाही. ते विकत घेऊन घरी नेता येत नाही, प्रदर्शनातही फिरत नाही. एवढा संयम नामांकित चित्रकाराने साठीच्या घरात पत्करावा, यातच त्याची थोरवी आहे.

१९३० साली कलाशाळेच्या संचालकपदाची धुरा काही काळ त्यांच्याकडे आली. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय होत. परंतु ३१ जानेवारी १९३१ रोजी ते निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात नवी दिल्लीचे थाटात उद्घाटन झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मवृत्त १९४० साली प्रसिद्ध झाले. १ जून १९४४ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. कन्या अंबिका धुरंधर यांनी चित्रकलेचा वारसा पुढे चालविला.

सरकारी दालनाचे दार सर्वांस उघडे नसते, म्हणून ते काम अल्पपरिचित राहिले. परंतु आपण ज्या नगरीत संसार थाटला, तिच्या भिंती रंगविणाऱ्यांत आपलाही एक पूर्वज होता, हे घरातील मुलांना ठाऊक असावे. परमुलुखातील वास्तव्याला अशा ओळखीनेच आपलेपणाची ओल लाभते.