तिलिस्माची किल्ली : बाबू देवकीनंदन खत्री

हिंदी कादंबरीच्या इतिहासात एक नाव अगदी आरंभी येते आणि दोन-चार ओळींतच मागे टाकले जाते. ते नाव म्हणजे बाबू देवकीनंदन खत्री. ‘चंद्रकांता’ या कादंबरीचे कर्ते, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. बी. ए.ला हिंदी विषय घेतल्यामुळे ही कादंबरी मी वाचावयास घेतली, तीही केवळ करमणूक म्हणून. परंतु वाचून संपली तेव्हा या लेखकाने जादूकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलून टाकली आहे असे मला जाणवले, आणि त्यांच्या चरित्राविषयी कुतूहल वाटू लागले. त्या चरित्राची थोडक्यात ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

देवकीनंदनांचा जन्म जून 1861 मध्ये बिहारमधील पूसा येथे, आजोळी झाला. घराणे मूळचे पंजाबकडचे. वडील लाला ईश्वरदास काशीत येऊन स्थायिक झाले होते. मुलाचे आरंभीचे शिक्षण उर्दू व फारसीत झाले; हिंदी आणि संस्कृत ते पुढे काशीत शिकले. तरुणपणी गया जिल्ह्यातील टेकारी संस्थानात त्यांचा व्यापार होता. पुढे काशीनरेशांकडून त्यांना चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका मिळाला. हा ठेकाच त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

लाकडाचा हिशेब ठेवणारा ठेकेदार जंगलात काय पाहील? झाडे, मजूर आणि बैलगाड्या. देवकीनंदनांनी मात्र ओसाड किल्ले, पडक्या इमारती, गुहा, दऱ्या आणि ओढे पाहिले. विंध्याच्या त्या डोंगराळ मुलखात ते दिवसचे दिवस भटकत असत. पुढे ठेका सुटला, पण डोळ्यांत साठवलेले जंगल सुटले नाही. 1888 च्या सुमारास, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी ‘चंद्रकांता’ लिहावयास घेतली. नौगढ, विजयगढ आणि चुनार ही कादंबरीतील स्थळे कल्पित नाहीत; आजही ती नकाशावर सापडतात.

कथानक तसे साधेच आहे. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम असते. विजयगढच्याच दरबारातील क्रूरसिंह त्यात विघ्न आणतो आणि चुनारच्या शिवदत्ताला जाऊन मिळतो. मग दोन्ही पक्षांचे ‘ऐयार’ कामाला लागतात. ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, धावपटू आणि वैदू असा सगळा एकत्र माणूस. त्याच्या बटव्यात बेशुद्ध करणारी भुकटी असते, शुद्धीवर आणणारे हुंगण्याचे औषध असते, आणि भिंत चढण्यासाठी दोर असतो. पुढे चंद्रकांता एका ‘तिलिस्मात’ अडकते आणि तो तिलिस्म फोडून वीरेंद्रसिंह तिला सोडवतो.

तिलिस्म आणि ऐयार हे दोन्ही शब्द देवकीनंदनांनी नव्याने घडवलेले नाहीत. ते फारसी-उर्दू दास्तानांतून आले. अमीर हमजाच्या दास्तानीतील ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून 1883 पासून निघू लागले होते. त्या दास्तानीत तिलिस्म बांधणारे जादूगार असतात. ते मंत्र म्हणतात आणि जग पालटते. देवकीनंदनांनी तिलिस्म ठेवला, ऐयार ठेवले आणि जादूगाराला मात्र रजा दिली. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण येथे आहे.

त्यांच्या तिलिस्मात चमत्कारांना तोटा नाही. जवळ गेलेल्या माणसाला गिळणारा दगडी बगळा आहे, आपोआप उघडणारी आणि मिटणारी दारे आहेत. परंतु हे सारे कोणत्या तरी कळीने, चक्राने वा मसाल्याने चाललेले असते. पुढे ‘चंद्रकांता संतति’मध्ये एक तिलिस्मी खंजीर येतो. त्याची मूठ दाबली की झगझगीत प्रकाश पडतो आणि त्याचे पाते अंगाला लागले की माणूस विजेचा धक्का बसावा तसा बेशुद्ध पडतो. त्याच्या जोडीची अंगठी बोटात असेल तर मात्र काही बाधा होत नाही. येथे कोणी देव प्रसन्न झालेला नाही. वस्तूत एक गुण भरलेला आहे आणि त्यावर उताराही आहे. खेड्यापाड्यांतून विजेचा दिवा कोणी पाहिलाही नव्हता त्या काळातले हे लेखन आहे. तिकडे इंग्लंडात एच. जी. वेल्स यांची काळयंत्राची कादंबरी 1895 साली प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास काशीत ‘संतति’चे भाग निघत होते.

तिलिस्म म्हणजे काय, याचा खुलासाही कादंबरीतच आहे. ज्याच्याजवळ अमाप धन आहे पण वारस नाही, असा राजा आपले धन पुढील काळातील एखाद्या लायक वंशजासाठी राखून ठेवू इच्छितो. पूर्वीच्या काळी अशा वेळी मोठमोठे ज्योतिषी, वैद्य, कारागीर आणि तांत्रिक जमवून, सगळ्यांची विद्या एकत्र करून तिलिस्म बांधीत. अलीकडे मात्र थोडेसे धन पुरून त्यावर राखणदार म्हणून कोणाचा तरी बळी देतात, असेही तेथे सांगितले आहे. हा मजकूर वाचताना मी थबकले. हे तर आपल्याकडचे गुप्तधन! आमच्या अल्लीपूरकडे शेताच्या बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी गुप्तधनाच्या आणि त्यावरील नागाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गुप्तधनासाठी नरबळी हा केवळ गोष्टीतला प्रकार नाही, म्हणूनच तर महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणे हाही त्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. कपाशीच्या शेतात राबणाऱ्यांच्या गावात या कलमाचे मोल किती, हे मी वेगळे सांगावयास नको. विळा हाती घेऊन निंदणाला जाणाऱ्या माझ्या आईला ते पुस्तकाशिवायही ठाऊक आहे.

देवकीनंदन काही सुधारक नव्हते. त्यांच्या यादीत ज्योतिषी आणि तांत्रिकही आहेत, आणि कादंबरीतले ज्योतिषीबुवा रमल टाकून ठावठिकाणा सांगतात. तरीही त्यांचा कल स्पष्ट दिसतो. ‘चंद्रकांता’त सिद्धनाथ नावाचे एक योगी येतात. त्यांना सगळे ठाऊक असते. राजेसुद्धा त्यांच्यापुढे नमतात. शेवटी कळते की हे योगी म्हणजे नौगढचा जुना ऐयार जीतसिंह. सिद्धी वगैरे काही नव्हती; होती ती वेषांतराची आणि बुद्धीची करामत. बाबांच्या दाढीमागे शिकलेला, सराव केलेला माणूस असू शकतो, हे हजारो वाचकांना त्यांनी हसतखेळत सांगितले.

तद्वतच चपला आणि चंपा. या चंद्रकांतेच्या सख्या स्वतः ऐयार आहेत. त्या पुरुषांना बेशुद्ध करतात, वेष पालटतात, कैदेतून निसटतात. त्यांना हे कोणा देवीने दिलेले नाही. त्या ही विद्या शिकलेल्या आहेत. 1994 साली नीरजा गुलेरी यांनी ही कथा दूरदर्शनवर आणली आणि तीत आपल्या वर्षा उसगावकर यांनीही भूमिका केली. आईच्या पिढीला ‘चंद्रकांता’ ठाऊक आहे ती त्या मालिकेमुळे. मालिकेत जादूच जास्त दिसते. मूळ पुस्तकातली शिकलेली विद्या पुस्तकातच वाचावी लागते.

मात्र एका बाबतीत माझे या लेखकाशी जमत नाही. त्यांचा तिलिस्म फोडावयाचा तर तिलिस्मी पुस्तक वाचावे लागते, त्यातील सूचना एकामागून एक पाळाव्या लागतात, इथवर ठीक. पण तो फोडण्याचा अधिकार एकट्या वीरेंद्रसिंहाचा, कारण तिलिस्म त्याच्याच नावाने बांधलेला. म्हणजे विद्या आहे, यंत्र आहे, पुस्तक आहे, परंतु वारसा हवा! ज्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्या घरातल्या मुलीला ही अट बोचल्यावाचून राहत नाही. आमच्या नावाने कोणत्या राजाने तिलिस्म बांधून ठेवला असेल?

या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत नाही, परंतु कादंबरीच्या इतिहासात आहे. त्या काळी उत्तरेत कचेरीची आणि शिकलेल्यांची लिपी मुख्यतः फारसी होती. काशीत नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली 1893 साली, आणि तेथील कचेऱ्यांत नागरीला परवानगी मिळाली 1900 साली. अशा वेळी ‘चंद्रकांता’ नागरी लिपीत, अगदी सोप्या बोलभाषेत निघाली. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी नागरी अक्षरे गिरवली, हिंदी शिकून घेतली. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात या कादंबऱ्यांना उच्च साहित्यात स्थान दिले नाही. घटनांच्या गर्दीत जीवनाचे चित्रण नाही असा त्यांचा आक्षेप होता. परंतु हिंदीला जितके वाचक देवकीनंदनांनी मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणी दिले नाहीत, हे त्यांनीही मोकळेपणाने मान्य केले. कादंबरीतला तिलिस्म एका राजपुत्रासाठी होता. छापील पुस्तक मात्र जो अक्षर शिकेल त्याचे झाले.

यशाबरोबर टीकाही आली. असल्या अशक्य गोष्टी लिहून काय साधते, असा वाद मासिकांतून झाला. देवकीनंदनांनी ‘संतति’च्या अखेरीस त्याला उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, शक्य काय आणि अशक्य काय हे काळावर अवलंबून असते. आगगाडी आणि तारयंत्र यांची हकीगत पूर्वी कोणी सांगितली असती तर तीही गप्पच वाटली असती. विज्ञानकथेचे समर्थन आज आपण जसे करतो तसेच ते होते, हे पाहून आश्चर्य वाटते.

‘चंद्रकांता’चे 4 भाग आणि ‘संतति’चे 24 भाग लिहूनही त्यांची लेखणी थांबली नाही. ‘नरेंद्र मोहिनी’, ‘कुसुमकुमारी’, ‘काजर की कोठरी’ याही त्यांच्याच कादंबऱ्या. 1898 साली त्यांनी काशीत स्वतःचा लहरी छापखाना काढला, आणि ‘सुदर्शन’ हे मासिकही चालवले. त्यांची ‘भूतनाथ’ ही कादंबरी मात्र अपुरी राहिली. 1 ऑगस्ट 1913 रोजी त्यांचे निधन झाले. ती कादंबरी त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. विशेष म्हणजे दुर्गाप्रसादांनी पुढे वैज्ञानिक शोधांवर आधारलेल्या कादंबऱ्या लिहिल्या. वडिलांनी जादूला यंत्राच्या दारापाशी आणून सोडले होते. मुलगा त्या दारातून आत गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या जिल्ह्याचा हिंदीशी जुना संबंध आहे. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 साली वर्ध्यातच स्थापन झाली, आणि तिच्या परीक्षांना बसलेली माणसे येथे गावोगाव भेटतात. मराठी वाचकाला तर नागरी अक्षरे नव्याने शिकावयाचीही गरज नाही. तेव्हा परीक्षेचा विषय हिंदी असो वा नसो, माझ्या वर्गबंधु-भगिनींनी ‘चंद्रकांता’ एकदा अवश्य वाचावी. ज्या ज्या ठिकाणी चमत्कार दिसेल त्या त्या ठिकाणी कळ कोठे आहे हे शोधावयाची सवय लागते, आणि ही सवय पुस्तक मिटल्यावर गावातही उपयोगी पडते.